फुटबॉल क्लबच्या ऑफिसमध्ये शिरताना : प्रशासनात येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी

३१ ऑगस्ट २०१७, ट्रान्सफर विंडो, म्हणजे नवे खेळाडू घेऊन नोंदवण्याची मुदत, बंद होण्याची रात्र. लेस्टर सिटीने पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबकडून आद्रियन सिल्वा हा मधल्या फळीतला खेळाडू घेतला. किंमत ठरली, सह्या झाल्या, पण नोंदणीचे कागद फिफाच्या यंत्रणेत १४ सेकंद उशिरा पोचले. फिफाने नोंदणी नाकारली. अपील करूनही उपयोग झाला नाही, आणि २०१८ चा जानेवारी उजाडेपर्यंत सिल्वाला लेस्टरकडून एकही अधिकृत सामना खेळता आला नाही.

क्लबच्या प्रशासनात असं काय काम असतं, असं कुणी विचारलं की मी हा किस्सा सांगते. लोकांना वाटतं, पत्रव्यवहार, हजेरीपट आणि पाहुण्यांची सरबराई. तेही असतंच. पण ज्या टेबलावरचा कागद चुकला तर खेळाडू मैदानात उतरू शकत नाही, अशी दोन-तीन टेबलं प्रत्येक व्यावसायिक क्लबमध्ये असतात. शिरायचं असेल तर त्या टेबलांच्या रोखाने शिरा, एवढंच मला सांगायचं आहे. कारण बायकांना क्लबमध्ये घेतात तेव्हा बहुतेक वेळा या टेबलांपासून लांब बसवतात : स्वागतकक्ष, कार्यक्रम, सोशल मीडिया. ही कामं हलकी अजिबात नाहीत, पण क्लबचे मोठे निर्णय होतात तेव्हा तिथल्या माणसाला कुणी बोलावत नाही.

आधी नावांची यादी नीट वाचा

मोठ्या क्लबमध्ये वरच्या पदांवर पोचलेल्या बायकांची नावं काढायला बसलं तर बरीच निघतात. ती सगळी एका माळेत ओवू नका. तेरेसा रिवेरो १९९४ पासून २०११ पर्यंत स्पेनच्या रायो वायेकानोच्या अध्यक्ष होत्या. क्लब त्यांच्या पतीच्या उद्योगसमूहाचा होता. रोझेला सेन्सी यांच्याकडे २००८ मध्ये वडील वारल्यावर रोमाचं अध्यक्षपद आलं. मिलान क्लब बेर्लुस्कोनी घराण्याचा होता, तेव्हा बार्बरा बेर्लुस्कोनी तिथे कुठून आल्या हे आडनावच सांगतं. यातल्या कुणी काम वाईट केलं असं मी म्हणत नाही. पण घरचा क्लब नसेल तर तो रस्ता आपल्या उपयोगाचा नाही.

आपल्या उपयोगाची दुसरी यादी आहे. कॅरन ब्रेडी १९९३ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, बर्मिंगहॅम सिटीच्या मॅनेजिंग डायरेक्टर झाल्या आणि १९९७ मध्ये त्यांनी तो क्लब शेअर बाजारात नेला. मरीना ग्रानोव्स्काया चेल्सीचे तेव्हाचे मालक अब्रामोविच यांच्या तेल कंपनीच्या ऑफिसमध्ये काम करायच्या, २०१३ मध्ये चेल्सीच्या संचालक मंडळावर गेल्या आणि पुढे क्लबच्या मोठ्या खरेदी-विक्रीच्या वाटाघाटी त्यांच्याच हातात राहिल्या. लेस्टरने २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली तेव्हा मुख्य कार्यकारी अधिकारी होत्या सुझन व्हेलन. १४ सेकंदांची ती रात्र आली तेव्हाही त्याच होत्या. डेनिस बॅरेट-बॅक्सेंडेल एव्हर्टनच्या सामाजिक कामाच्या संस्थेतून वर येत २०१८ मध्ये क्लबच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. काट्या क्राउस गोलकीपर होत्या. २००३ ते २०११ या काळात त्या हॅम्बुर्गच्या कार्यकारी मंडळावर होत्या. लिअॅन डेम्प्स्टर यांनी स्कॉटलंडमध्ये आधी मदरवेल आणि मग हिबर्नियन चालवला. हिबर्नियनने ११४ वर्षांनी स्कॉटिश कप जिंकला तो त्यांच्याच कारकिर्दीत, २०१६ मध्ये.

या यादीत एक गोष्ट दिसते. यातल्या बहुतेकींना पैशाचं किंवा कराराचं काम येत होतं. फुटबॉलचं प्रेम तर अर्ज करणाऱ्या सगळ्यांनाच असतं.

पहिली पायरी : क्लब आतून कसा चालतो ते बघा

वेबसाइटवर संचालकांचे फोटो असतात. कोण कुणाला विचारून काम करतं हे त्यावरून कळत नाही. त्यापेक्षा क्लब लायसन्सिंगची, म्हणजे स्पर्धेत उतरायला क्लबला लागणाऱ्या परवान्याची, नियमावली उघडा, ती इंटरनेटवर फुकट मिळते. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, २००४-०५ च्या मोसमापासून आपल्या स्पर्धांसाठी लायसन्स सक्तीचं केलं. आशियाई महासंघाची नियमावलीही साधारण त्याच धर्तीची आहे. क्रीडा, पायाभूत सुविधा, मनुष्यबळ आणि प्रशासन, कायदा, वित्त असे तिचे भाग असतात. मनुष्यबळाच्या भागात क्लबने कोणती पदं भरलीच पाहिजेत ते लिहिलेलं असतं : जनरल मॅनेजर, वित्त अधिकारी, माध्यम अधिकारी, डॉक्टर, फिजिओ, सामना आयोजन अधिकारी, सुरक्षा अधिकारी, समर्थकांशी संपर्क ठेवणारा अधिकारी. यातला शेवटचा युएफाने २०१२-१३ पासून सक्तीचा केला. नियमाने भरावीच लागणारी पदं म्हणजे क्लब कितीही काटकसर करो, ती जागा निघणारच. अर्ज करताना हे लक्षात ठेवा.

सगळ्यात जुनं पद मात्र क्लब सेक्रेटरीचं. इंग्लंडमध्ये १८८८ साली लीग सुरू झाली त्या काळात बऱ्याच क्लबमध्ये आजच्यासारखा मॅनेजर नसायचाच. संघ निवडायला समिती असायची, आणि बाकी सगळं, म्हणजे खेळाडू जमवणं, प्रवास, हिशेब, लीगशी पत्रव्यवहार, सेक्रेटरीच्या गळ्यात. आज याच कामाला कुठे फुटबॉल ॲडमिनिस्ट्रेशन म्हणतात, कुठे फुटबॉल ऑपरेशन्स. टॉटनहॅममध्ये रेबेका केपलहॉर्न यांनी हा विभाग अनेक वर्षं सांभाळला. त्याआधी त्या क्वीन्स पार्क रेंजर्समध्ये होत्या. नाव काहीही असो, खेळाडूंची नोंदणी, करार, निलंबनं आणि लीगचा पत्रव्यवहार ज्या विभागात असतो तो शोधा.

दुसरी पायरी : नियमावली वाचा, आणि हातात पेन घेऊन वाचा

इथे जरा थांबू, कारण बहुतेक उमेदवार इथेच गळतात. फिफाचे खेळाडूंच्या दर्जाबद्दलचे आणि ट्रान्सफरचे नियम कंटाळवाणे आहेत हे मान्य. पण क्लबमधल्या भल्याभल्यांनी ते वाचलेले नसतात. तुम्ही वाचलेले असले की पहिल्याच महिन्यात लोक तुमच्या टेबलाशी येऊन विचारायला लागतात.

सुरुवातीला एवढं पक्कं करा. नोंदणीच्या वर्षात दोन खिडक्या, म्हणजे ट्रान्सफर विंडो, असतात, दोन्ही मिळून जास्तीत जास्त १६ आठवड्यांच्या. एका मोसमात खेळाडूची नोंदणी तीन क्लबमध्ये होऊ शकते, पण अधिकृत सामने तो, काही अपवाद सोडले तर, दोनच क्लबकडून खेळू शकतो. खेळाडू एका देशाच्या संघटनेतून दुसरीकडे जातो तेव्हा आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र लागतं, त्याला सगळे आयटीसी म्हणतात. हे काम टीएमएस नावाच्या ऑनलाइन यंत्रणेतून होतं. पुरुष व्यावसायिकांसाठी ती २०१० पासून बंधनकारक आहे, महिला खेळाडूंसाठी २०१८ पासून. सिल्वाचे १४ सेकंद याच यंत्रणेत मोजले गेले.

देशाच्या कायद्यात वेगळी मुभा नसेल तर करार पाच वर्षांपेक्षा लांब नको, आणि खेळाडू १८ वर्षांखालचा असेल तर तीन वर्षांपेक्षा. आणखी एक कलम नवख्यांच्या नजरेतून हमखास सुटतं : वैद्यकीय चाचणी पास झाली तर किंवा वर्क परमिट मिळालं तर करार लागू, अशी अट घालता येत नाही. चाचणी आधी, सही नंतर. सही झाल्यावर गुडघ्याचा अहवाल वाईट आला तर पगार द्यावाच लागतो, आणि मग सगळे तुमच्या टेबलाकडे बघतात.

अल्पवयीन खेळाडूंचं कलम १९ तर तोंडपाठ हवं. १८ वर्षांखालच्या मुलाची आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर मुळात बंद आहे. आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला आले, किंवा घर आणि क्लब दोन्ही सीमेलगत आहेत, असे मोजके अपवाद सोडून. बार्सिलोनासारख्या क्लबने यात चूक केली आणि फिफाने २०१५ च्या दोन्ही खिडक्या त्यांना बंद केल्या. त्या उन्हाळ्यात विकत घेतलेले आर्दा तुरान आणि अलेक्स विदाल जानेवारी २०१६ पर्यंत प्रेक्षकांत बसून होते. अकादमीच्या ऑफिसमधल्या फायलींमुळे पहिल्या संघाची खरेदी अडली! मुलांच्या अकादमीतलं प्रशासन दुय्यम समजणाऱ्यांना ही गोष्ट ऐकवा.

आता एक गणित, कारण मुलाखतीत हे आलं तर तुमचा भाव वाढतो. खेळाडू करार संपण्याआधी दुसऱ्या देशातल्या क्लबला विकला गेला की किमतीतले ५ टक्के, तो १२ ते २३ वर्षांचा असताना ज्यांनी त्याला घडवलं त्या क्लबना वाटले जातात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षाला ०.२५ टक्के, १६ ते २३ या वयातल्या प्रत्येक वर्षाला ०.५ टक्के. समजा तुमच्या छोट्या क्लबमध्ये एक मुलगा १२ ते १५ अशी चार वर्षं होता आणि पुढे तो एक कोटी युरोला विकला गेला. चार वर्षांचा एक टक्का, म्हणजे एक लाख युरो तुमचे. पण कधी? तो त्या वर्षांत तुमच्याकडे नोंदलेला होता हे कागदावर असेल तेव्हा. नोव्हेंबर २०२२ पासून हे पैसे फिफाच्या क्लिअरिंग हाउसमधून जातात, आणि तिथे खेळाडूच्या नोंदणीचा सगळा प्रवास जुळवून बघतात. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी जन्मतारीख नीट टिपून ठेवली, नोंदणीची तारीख चुकवली नाही, म्हणून क्लबचा वर्षाचा खर्च निघू शकतो. हे काम करणाऱ्या बाईला लोक क्लार्क म्हणतात.

तिसरी पायरी : शिक्षण

इथे फार वेळ घालवत नाही. फिफा मास्टर नावाचा अभ्यासक्रम २००० पासून चालू आहे. लेस्टर, मिलान आणि नूशातेल इथल्या तीन विद्यापीठांत मिळून तो होतो. नाव मोठं, ओळखी मोठ्या, खर्चही मोठा. युएफाचे फुटबॉल व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम आहेत, पण ते बहुधा आधीच नोकरीत असलेल्यांसाठी. माझं मत विचाराल तर आधी लेखापालन किंवा कायदा, आणि एक परकी भाषा. ट्रान्सफरचे निम्मे फोन स्पॅनिश, पोर्तुगीज किंवा फ्रेंचमध्ये होतात, आणि पलीकडच्या सेक्रेटरीशी तिच्या भाषेत चार शब्द बोलता आले की कागद रात्री ११ वाजताही येतो. स्प्रेडशीट उत्तम यायला हवी, हे वेगळं सांगायला नको.

फुटबॉलबाहेरचा अनुभव असेल तर तो लपवू नका. फातमा सामूरा संयुक्त राष्ट्रांत दोन दशकं काम करून २०१६ मध्ये फिफाच्या सरचिटणीस झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. रुग्णालय, विमान कंपनी, बँक, कुठलंही काम जिथे चुकलेला कागद महागात पडतो, ते इथे उपयोगी पडतं.

चौथी पायरी : पहिली नोकरी कुठे

मोठ्या क्लबच्या जाहिरातीवर हजारोंनी अर्ज पडतात आणि निवड झालीच तर वर्षभर तुम्ही एकाच रकान्यात आकडे भरता. खालच्या विभागातला क्लब बघा, महिला संघ बघा, अकादमी बघा, जिल्हा किंवा राज्य पातळीवरची संघटना बघा. लहान क्लबमध्ये नोंदणीही तुम्ही, प्रवासही तुम्ही, पंचांचं मानधनही तुम्हीच. एका मोसमात तिथे जे हाताखालून जातं ते मोठ्या ठिकाणी पाच वर्षांत जात नाही.

सामन्याच्या दिवसापुरती कामंही असतात : प्रवेशिका वाटणं, पत्रकारांची बसण्याची सोय, पाहुण्या संघाची देखभाल. ती जरूर करा, क्लबचा वास अंगाला लागतो. पण फुकट काम किती दिवस करायचं हे आधीच ठरवून तारीख लिहून ठेवा. ‘अनुभव मिळतोय ना’ या वाक्यावर फुटबॉलमध्ये माणसं वर्षानुवर्षं राबवली जातात, आणि मुली थोड्या जास्तच.

अर्जात ‘लहानपणापासून फुटबॉलची आवड’ हे वाक्य घालू नका. त्याऐवजी लिहा : अमुक स्पर्धेत इतक्या संघांची नोंदणी सांभाळली, इतक्या खेळाडूंचे व्हिसा काढले, निलंबनांची वही ठेवली. शाळा-कॉलेजच्या स्पर्धेतलं असलं तरी चालेल. मुलाखतीला जाण्याआधी त्या लीगची नियमावली आणि शिस्तभंगाची कलमं वाचून जा. किती पिवळ्या कार्डांना एक सामना बाहेर, आणि ती मोजणी कधी पुसली जाते, एवढं जरी सांगितलंत तरी समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसतो.

पाचवी पायरी : पहिला मोसम

कॅलेंडर भिंतीवर लावा. बऱ्याच युरोपीय लीग ऑगस्ट ते मे चालतात, इतर अनेक देशांत मोसम वर्षाच्या सुरुवातीला सुरू होतो. पण प्रत्येक ठिकाणी टाचण्या त्याच : संघ यादी द्यायची तारीख, खिडकी उघडायची आणि मिटायची तारीख, लायसन्सचे कागद, करार संपायच्या तारखा. युरोपात राष्ट्रीय संघटनेला लायसन्सचे निर्णय ३१ मेपर्यंत युएफाला कळवावे लागतात. त्याच्या कितीतरी आधी तुमचे वित्त विभागातले लोक रात्री जागत असतात, कारण खेळाडूंचे, दुसऱ्या क्लबचे आणि करखात्याचे पैसे थकलेले नाहीत हे दाखवावं लागतं.

निलंबनांची वही मात्र स्वतःच्या हाताने ठेवा, संगणकावरची यंत्रणा असली तरी. २०१४ मध्ये पोलंडच्या लेगिया वॉर्साने चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत सेल्टिकला दोन सामने मिळून ६-१ असं धुतलं. दुसऱ्या सामन्यात शेवटच्या काही मिनिटांसाठी बेरेशिन्स्की नावाचा खेळाडू आत आला. त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी होती. तीन सामने तो बाहेर बसला होताच, पण त्यातल्या आधीच्या फेरीतल्या दोन सामन्यांसाठी क्लबने त्याचं नाव यादीतच दिलं नव्हतं. यादीत नाव नाही, म्हणून बंदी भोगल्याचं मोजलं गेलं नाही. युएफाने तो सामना सेल्टिकला ३-० ने दिला, एकूण गोल ४-४ झाले, आणि बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे, या तेव्हाच्या नियमाने सेल्टिक पुढे गेलं. पुढच्याच वर्षी रेआल माद्रिदने कोपा देल रे या स्पेनच्या कप स्पर्धेत चेरिशेवला खेळवलं. आदल्या मोसमात तो दुसऱ्या क्लबकडे उसना असताना लागलेली बंदी बाकी होती. रेआल स्पर्धेबाहेर.

तेव्हा वहीत चार रकाने हवेत : खेळाडू, कुठल्या स्पर्धेतलं कार्ड, कुठल्या क्लबमध्ये असताना, आणि बंदी नेमक्या कोणत्या सामन्याने भोगली. नवा खेळाडू आला की त्याच्या आधीच्या क्लबला आणि संघटनेला लेखी विचारा : काही बाकी आहे का? तोंडी उत्तर धरू नका.

सामन्याचा दिवस तसा आदल्या दिवशीच सुरू होतो. पाहुणा संघ उतरलेला असतो, त्याच्या सरावाची वेळ, बसचा मार्ग, मैदानावरच्या गवताची उंची यावर वाद होतात. सकाळी समन्वयाची बैठक असते. त्यात सामना प्रतिनिधी, पंच, दोन्ही क्लब, पोलिस, प्रक्षेपणवाले. नवख्या माणसाला इथे गंमत वाटते, कारण गणवेश टेबलावर मांडून रंग बघतात. दोन्ही संघांचे आणि दोन्ही गोलकीपरचे, मोज्यांसकट. पंचांचा शर्टही. गोलकीपरचा हिरवा आणि पाहुण्यांचा हिरवा एकमेकांत मिसळला तर बैठकीतच बदलायचा. पर्यायी सेट बसमध्ये आहे का हे किटमॅनला आदल्या रात्रीच विचारलेलं असेल तर तुम्ही वाचता.

मग संघाची यादी. युएफाच्या स्पर्धांत ती सामन्याच्या ७५ मिनिटं आधी द्यावी लागते. प्रशिक्षक शेवटपर्यंत घोळ घालतो, हे गृहीत धरा. कागद हातात आल्यावर तीनच गोष्टी तपासा : प्रत्येक नाव नोंदणीच्या यादीत आहे का, शर्टाचा नंबर तोच आहे का, निलंबनाच्या वहीत कुणी आहे का. मुख्य प्रशिक्षक पाठीशी उभा राहून घाई करत असला तरी या तीन गोष्टी पुऱ्या होईपर्यंत कागद सोडू नका. पहिल्यांदा तो चिडेल. लेगियाची गोष्ट एकदा सांगून ठेवलीत तर दुसऱ्यांदा चिडणार नाही.

सहावी पायरी : बाई म्हणून जे वाट्याला येतं त्याची तयारी

क्लबमधल्या नोकऱ्या फार काळ जुन्या खेळाडूंच्या ओळखीतून वाटल्या गेल्या. बायकांना ती ओळख मिळणार कुठून? इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९२१ मध्ये आपल्या सदस्य क्लबच्या मैदानांवर महिलांचे सामने बंद केले, ते जवळपास ५० वर्षं. जर्मनीत १९५५ ते १९७०, ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९. खेळूच दिलं नाही, तर ‘माजी खेळाडू’ म्हणून ऑफिसमध्ये शिरणाऱ्या कुठून येतील? इंग्लंडच्या त्याच असोसिएशनच्या अध्यक्षपदी पहिली महिला, डेबी हेविट, जानेवारी २०२२ मध्ये आली. तेव्हा तुम्ही खोलीत एकट्याच असाल तर त्यात तुमचं काही कमी नाही.

आता व्यवहाराचं. पदाचं नाव आणि सहीचा अधिकार नियुक्तिपत्रात लिहून घ्या. ‘को-ऑर्डिनेटर’ हा शब्द दिसला की विचारा : कशावर सही करता येणार? वर कुणाला उत्तर द्यायचं? एकच काम करणाऱ्या पुरुषाला ‘मॅनेजर’ आणि बाईला ‘को-ऑर्डिनेटर’ असं सर्रास होतं, आणि पगार शब्दाच्या मागे जातो.

टीएमएस आणि लीगच्या यंत्रणेतलं लॉगिन तुमच्या नावाचं असू द्या, आणि ते दुसऱ्या कुणाला वापरू देऊ नका. काम तुम्ही करायचं आणि नोंद साहेबांच्या नावे, असं असेल तर चांगलं झालेलं त्यांचं ठरतं. उलट तुमच्या लॉगिनने दुसऱ्याने चूक केली तर ती तुमची. यात भिडेखातर काही करू नका.

बैठकीत टिपणं कोण काढणार, असा प्रश्न आला की सगळ्या नजरा खोलीतल्या एकुलत्या बाईकडे वळतात. पहिल्या बैठकीत काढा हवं तर, दुसऱ्या बैठकीत ‘या वेळी कोण?’ असं आपणच आधी विचारा. सुरात राग नको, फक्त उशीर नको. उलट एक गंमतही आहे : इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या हातात काय ठरलं हे असतं. वाटाघाटीची बैठक असेल तर मी तरी ते काम सोडणार नाही.

एजंट हा वेगळा प्रकार. रात्री उशिराचे फोन, हॉटेलच्या लॉबीत भेटू, कागद नंतर पाठवतो. २०२३ पासून फिफाच्या परीक्षेची आणि लायसन्सची पद्धत आहे, त्यामुळे पहिला प्रश्न लायसन्स क्रमांकाचा. भेट ऑफिसमध्ये, दिवसा, शक्यतो दोघं मिळून. नंतर त्याच दिवशी ठरलेल्या गोष्टींचा मेल. ही काळजी पुरुषांनीही घ्यावी, पण बायकांनी घेतली की त्याला नखरा म्हणतात. म्हणू द्या.

ड्रेसिंग रूममध्ये जायचं काम असेल तर वेळ ठरवून घ्या आणि संघ व्यवस्थापकाकडून आत कळवा. पंचांच्या खोलीलाही तोच नियम. हे एकदा रुळलं की कुणाला अवघड वाटत नाही.

कुणी वेडंवाकडं बोललं किंवा वागलं तर तारीख, वेळ, ठिकाण, नेमके शब्द आणि तिथे कोण होतं, हे त्याच रात्री लिहा, क्लबच्या संगणकावर नको. तक्रार कुणाकडे करायची ती लेखी पद्धत नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच मागून घ्या, गरज नसताना. तेव्हा विचारलं की कुणी संशयाने बघत नाही. अशी पद्धतच नसेल तर त्या क्लबबद्दल तुम्हाला बरंच काही कळलं.

बाळंतपणाची रजा हाही प्रश्न आधी विचारा. फिफाने जानेवारी २०२१ पासून महिला खेळाडूंसाठी किमान १४ आठवड्यांची पगारी रजा आणली, पगाराच्या किमान दोन तृतीयांश दराने. महिला संघाचं काम बघणार असाल तर हा नियम तुम्हालाच राबवायचा आहे. पण तो ऑफिसमधल्या कर्मचाऱ्यांसाठी नाही. ऑफिसमधल्या बाईला त्या देशाचा कामगार कायदा आणि नियुक्तिपत्र. दुसऱ्यांचे करार तपासता तपासता स्वतःचा न वाचलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

ओळखी जमवा. ब्रिटनमध्ये २००७ पासून ‘वुमन इन फुटबॉल’ ही संस्था आहे. पण सगळ्यात उपयोगी ओळख म्हणजे दुसऱ्या क्लबची सेक्रेटरी. मैदानावर हाडवैर असलेल्या क्लबमधल्या या दोघी एकमेकींना वर्षभर सांभाळून घेतात.

सातवी पायरी : वर जायचं तर पैशाकडे सरका

दोन मोसम नोंदणी उत्तम केलीत की क्लब तुम्हाला तिथेच ठेवायला बघेल, कारण तुमच्याशिवाय अडतं. बढती मागताना नुसतं पद मागू नका, अंदाजपत्रक मागा. महिला संघाचं, अकादमीचं, प्रवासाचं, कुठलंही, पण खर्चाची सही तुमची. करारांच्या वाटाघाटीत आधी कागद बनवायला बसा, मग आकडे मांडायला. खेळाडूचा मूळ पगार, सामन्यागणिक बोनस, प्रतिमाहक्क (खेळाडूचं नाव-चेहरा जाहिरातीत वापरण्याचे हक्क), एजंटची रक्कम, विक्रीतला वाटा, हप्ते कधी, हे ज्या बाईला कागद न बघता सांगता येतं तिला वाटाघाटीच्या खोलीबाहेर ठेवणं परवडत नाही.

सामाजिक कामाच्या विभागातून आलेल्यांनी बॅरेट-बॅक्सेंडेल यांच्याकडे बघून हुरूप जरूर घ्यावा, पण असं उदाहरण विरळा. त्या विभागात असाल तर निधी उभारणी आणि हिशेब स्वतःकडे घ्या. मालकांना तीच भाषा कळते.

आणि मालक बदलतात. २०२२ मध्ये चेल्सी विकली गेली आणि ग्रानोव्स्काया काही आठवड्यांतच बाहेर पडल्या. इतकी वर्षं सगळी सूत्रं हातात असूनही. म्हणून काम करत असतानाच सुपूर्तीची फाइल तयार ठेवा : चालू करार आणि त्यांच्या मुदती, यायचे-द्यायचे हप्ते, निलंबनांची वही, अल्पवयीन खेळाडूंचे अर्ज कुठवर आलेत, कोणत्या संघटनेत कुणाला फोन करायचा. सोडायची वेळ आली तर ती सहीनिशी द्या, पोच घ्या, आणि आपल्या नावाचं लॉगिन त्याच दिवशी बंद करायला लेखी सांगा.